मिठपाड्याच्या शाळेची किल्ली

दर बुधवारी शाळा सुटली की तुळशीराम मढवी कुलपाला तेल घालत. खाडी हाकेच्या अंतरावर, वारा खारा. लोखंडाकडे आठ दिवस दुर्लक्ष झालं की ते रुसून बसतं, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या पायरीवर बसून ते किल्लीच्या दांड्यावर खोबरेलाचा एक थेंब घेत, किल्ली कुलपात चारदा फिरवत आणि मग कुलूप मांडीवर ठेवून लाल पंच्याने निगुतीने पुसत. चौतीस वर्षांत एक बुधवार चुकला असेल तर तो त्यांच्या तापाचा.

त्या बुधवारी मृणाली त्यांच्या शेजारी बसली होती. ती भिवंडीत राहायची, तिथल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. नवा भात भरडून आला की बाप लेकीला बोलावून घेई आणि तांदळाची गोण रिक्षात घालून देई, त्यासाठी ती आली होती. तांदूळ गिरणीतून दुपारी यायचा तो आला नव्हता, म्हणून मुक्काम करणं भाग होतं. ती पुस्तक वाचत होती.

"तू वाचतेस तवा ओठ हालतात अजून," बाबा म्हणाले. "पयलीत होतीस तशी."

"नाही हालत."

"हालतात. ग्रंथपाल म्हनं." मग जरा वेळाने, कुलूप उलटं करत, "एक दिस पोरांना काहीतरी वाचून दाव की. ती हफसा हाय ना, गोदामातल्या वॉचमनची, ती तुझ्यावानीच वाचते. श्वास घेत न्हाय पोर."

"बघते, बाबा."

त्या वर्षी ती सगळ्यालाच 'बघते' म्हणत असे.

मिठपाड्याची शाळा म्हणजे दोन खोल्या, पहिली ते चौथी, एक बाई. जमीन तुळशीरामांची. पाड्यातली पोरं अंजूरपर्यंत चिखलातून चालत जात, तेव्हा कोणी तरी जागा द्या म्हणालं, आणि हे म्हणाले घ्या. घेणाऱ्याने कागद मागितला नाही, देणाऱ्याने केला नाही. पाड्यात दिलेल्या शब्दाचा कागद मागणं हे देणाऱ्याला चोर म्हटल्यासारखं होतं. त्यामुळे सातबाऱ्यावर अजून तुळशीरामांचंच नाव होतं आणि त्याची कोणाला कधी अडचण वाटली नव्हती. त्यांनी जमिनीच्या बदल्यात एकच गोष्ट ठेवून घेतली, किल्ली. ती त्यांच्या कमरेच्या काळ्या करगोट्याला बांधलेली असे. रोज दहाला शाळा उघडायची, साडेदहापर्यंत रस्त्याच्या तोंडाशी लाल पंचा हलवत उभं राहून गोदामांचे कंटेनर थांबवायचे आणि पोरांना पार करून घ्यायचं, हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. कोणी काढूनही घेतलं नाही.

त्या दिवशी अतिया बाई निघताना पायरीपाशी थांबल्या. बाई भिवंडीच्या, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, अकरा वर्षं या शाळेवर. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा दुसरीकडे जोडायचं चाललंय, पडताळणीला पथकं फिरताहेत, असं त्यांनी सांगितलं. आपल्याला भीती नाही, आपली तेवीस आहेत. तुळशीरामांनी तरी बोटांवर मोजून घेतली. पाड्यातली सोळा, गोदामांच्या चाळीतली सात.

"येऊं द्या मोजायला," ते म्हणाले. "चार पोरं जास्तच दिसतील. ठकुबाईच्या खिचडीला कुत्रीपन येतात."

शाळेची खिचडी शिजवणारी ठकुबाई आत भांडी घासत होती. तिने तिथूनच त्यांना जे सांगितलं ते बाईंसमोर सांगण्यासारखं नव्हतं. तुळशीराम खूश झाले. कुलूप लागलं. किल्ली पंच्याखाली कमरेला गेली. घरी जाऊन त्यांनी मासळीचं कालवण आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या, सुनेला म्हणजे भावनाला डॉक्टरकडे कधी जायचंय ते विचारलं. तिला सातवा महिना होता. मग ते अंगणातल्या बाजेवर आडवे झाले.

सकाळी सहाला मृणाली चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नाहीत.

*

मिठपाड्यात मयत झाली की प्रेत उठेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही. कोणी कामाला जात नाही. पाळण्यातल्या पोरापासून काठीवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळा पाडा त्या अंगणात येऊन बसतो, आणि खारबावची, पडघ्याची माणसं पोचेपर्यंत बसून राहतो. पोरांना शाळेत पाठवणं तर दूरच, त्यांना त्या दिवशी वेणी घालत नाहीत.

हा रिवाज एका माणसाने एकदाच मोडला होता. नऊ वर्षांपूर्वी मृणालीची आई, पार्वती, गेली तो दिवस पोरांच्या परीक्षेचा होता. तुळशीराम बायकोच्या उशाशी दिवा लावून उठले, शाळा उघडून आले, आणि मग तिरडी बांधायला बसले. भावकीने तोंडावर पदर घेतला. पंधरा दिवस चावडीवर दुसरा विषय नव्हता. शेवटी कोणी तरी विचारलंच, तेव्हा ते म्हणाले होते, "मेलेला मानूस काय शिकायला येतो? येतात ती पोरं. त्यांना कुलूप कशाला दावायचं?"

मृणालीने ते ऐकलं होतं. त्या वेळी तिला बापाचा राग आला होता. आईचं अंग घरात आणि हा माणूस कुलपाशी.

गुरुवारी सकाळी साडेसातला अतिया बाईंचा फोन आला. धाकटा भाऊ कुणाल लाकडांच्या सोयीला आणि नातेवाइकांना कळवायला बाहेर होता, भावनाला बायकांनी आत निजवलं होतं. माजघरात बाबा आणि मृणाली, दोघंच. अतिया बाई रडत होत्या. मी आज माझ्या अधिकारात सुट्टी देते, म्हणाल्या. काकांसाठी एवढं तरी करू द्या.

मृणालीने त्या वेळी विचार केला असं म्हणता येणार नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "सुट्टी नको, बाई. त्यांना चालणार नाही. शाळा उघडा."

"आणि किल्ली?"

किल्ली करगोट्याला होती. मृणालीने चादर बाजूला केली. गाठ तेलाने आणि घामाने दगडासारखी झाली होती, नखांनी सुटेना. हा दोरा प्रेताला आंघोळ घालताना तोडायचा असतो. तो मुलाने तोडायचा आणि चितेवर टाकायचा. माणसाची संसाराशी असलेली शेवटची गाठ म्हणतात त्याला, आणि लेकीने, त्यातून दिल्या घरच्या लेकीने, त्याला हात लावायचा नसतो. हे तिला न समजायला ती काही परक्या मुलखातून आली नव्हती. आईच्या शिवणाच्या मशिनीच्या खणात कात्री होती. तिने करगोटा कापला. किल्ली काढली. बापाला चादर नीट पांघरली. अतिया बाई भिवंडीहून आल्यावर मागच्या दाराने त्यांच्या हातात किल्ली दिली तेव्हा तिच्या भोकात काळ्या दोऱ्याची गाठ तशीच अडकलेली होती. बाईंनी ती पाहिली. मूठ मिटली आणि शाळेकडे निघाल्या.

दोऱ्याचा उरलेला तुकडा तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

दहाला शाळा उघडली. पाड्यातली सोळा पोरं मढव्यांच्या अंगणात होती. गोदामांच्या चाळीतली सात मात्र दप्तरं घेऊन हजर झाली, कारण त्यांना पाड्याचा रिवाज माहीत नव्हता आणि त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. ठकुबाई अंगणात बसलेली, त्यामुळे खिचडी नाही. बाईंनी त्यांना बिस्किटं दिली आणि वाचायला बसवलं.

अकराच्या सुमाराला एक पांढरी जीप पाड्यातून शाळेकडे गेली. अंगणातल्या बायकांमधून मृणालीने ती पाहिली. गोदामवाल्यांची असेल असं तिला वाटलं. पाऊण तासाने ती परत गेली.

बाराला बाबांना आंघोळ घालायला पुरुष बसले. कुणालने कमरेशी हात नेला आणि तो तिथेच थांबला. करगोटा नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणी म्हणालं, रात्रीत तुटून पडला असेल, बाज झाडा. बाज झाडली. मग भावकीतला एक म्हातारा हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, की करगोटा आपोआप तुटणं चांगलं नाही. त्या घरातलं आणखी एक जातं.

आतल्या खोलीत भावनाने ते ऐकलं. तिचा हात पोटावर गेला.

मृणाली चार हातांवर उभी होती. तिथेच तिने सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही.

*

तेराव्यानंतर दोन दिवसांनी शाळेला पत्र आलं. पडताळणीच्या दिवशी पटावर तेवीस, प्रत्यक्ष हजर सात. हजर असलेल्यांत स्थानिक वस्तीतलं एकही मूल नाही, सबब पट फुगवलेला असून स्थानिकांना शाळेची गरज नसल्याचं दिसून येतं. शाळा महिनाअखेरीस गोदाम रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जोडण्याचा समितीचा निर्णय झाला आहे. मुख्याध्यापिकेवर खोटी पटनोंद केल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत.

मृणालीने ते पत्र तीनदा वाचलं. तिने आयुष्यभर वाक्यंच वाचली होती. 'दिसून येतं' हे कोणाला दिसून आलं ते त्या वाक्यात कुठेच नव्हतं. ज्याला दिसलं तो जीपमधून मढव्यांच्या अंगणासमोरून गेला होता, दोनशे माणसं बसलेली त्याने पाहिली होती, आणि त्याला हे दिसून आलं होतं.

तिने रजा टाकली, बाईंकडून किल्ली मागून घेतली. रोज सकाळी नऊच्या रिक्षाने मिठपाड्याला येऊ लागली. दहाला शाळा उघडायची, मग रस्त्याच्या तोंडाशी बाबांचा लाल पंचा घेऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी कंटेनरवाल्यांनी भोंगे वाजवले. एकाने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "मॅडम, बुढ्ढा किधर गया?" तिने सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं आणि शेवटचं मूल पलीकडे जाईपर्यंत चालू केलं नाही. मात्र सगळेच तसे नव्हते. एक दिवस एक कंटेनर तिच्यापासून हातभरावर येऊन करकचून थांबला. तिने पंचा खाली घेतला नाही. चार पदरी होणाऱ्या त्या रस्त्यापलीकडे सहा वर्षांची पोरं रोज एकटी जाणार, हे कोणी तरी खुर्चीत बसून ठरवलं होतं.

अर्ज तिने लिहिला. पाच पानांचा, एकही विशेषण नसलेला. शाळा कधी सुरू झाली, जागा कोणी दिली, तो माणूस कोण होता, चौतीस वर्षं किल्ली कोणाच्या कमरेला होती, तो कोणत्या दिवशी गेला, आणि त्या दिवशी पाड्यातली पोरं कुठे होती. सोबत ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला. सह्या गोळा करायला ती ठकुबाईला घेऊन दारोदार फिरली. काही दारं नुसती बंद नव्हती, आतून हसत होती. शाळा बंद झाली की जमीन परत मढव्यांची, तिच्या मागेच गोदामांचा नवा रस्ता येऊन तिचा भाव चढणार, आणि मढव्यांचीच लेक त्याच्या आड येतेय, हे सगळ्यांना दिसत होतं. एका बाईने सही करता करता विचारलं, मृणे, तुझी पोर कंच्या शालेत हाय? ऋतिका भिवंडीत इंग्रजी शाळेत होती. मृणालीने तसं सांगितलं. बाईने मान हलवली आणि सही केली, पण ती मान हलवणं मृणालीला घरापर्यंत पुरलं.

"जाऊं दे ग," ठकुबाई म्हणाली. "तिची सून मुंबईला पोर ठेवते, आन हिला दुसऱ्याची मोजायची हायेत."

कुणाल वाईट नव्हता. तो बहिणीच्या अंगावर कधी ओरडला नाही. एका सकाळी तो शाळेच्या पायरीवर येऊन बसला, बाबा बसत तिथेच, आणि हक्कसोडीचा कागद त्याने गुडघ्यावर ठेवला. बहिणी तो करतातच. आत्यांनी केला होता, चुलत बहिणींनी केला होता, कोणी बोलूनही दाखवलं नव्हतं. तो म्हणाला की शाळा आज ना उद्या जाणारच, आपण नाही घालवली. जागा तशीच पडून राहिली तर कोणी तरी कुंपण घालून बसेल.

"शाळा जाईल त्या दिवशी सही करते," मृणाली म्हणाली. "तोवर तो कागद तुझ्याकडेच ठेव."

"ताई, तू कोनाशी भांडतेस? बाबा न्हाय आता."

"माहीत आहे."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. उठताना त्याने सांगितलं की भावना रात्रीची झोपत नाही. करगोट्याचं तिच्या मनातून जात नाही. खारबावच्या एका बाबाने दोरा मंतरून दिलाय, तरी ती रोज विचारते, आपोआप कसा तुटला? कोणी नेला असेल तर का नेला?

मृणालीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात तो तुकडा होता. पर्स तिच्या मांडीवर होती. ती म्हणाली, "तिला सांग, काही होत नाही." कुणालने बहिणीकडे पाहिलं. एवढी पुस्तकं वाचलेली बाई आणि सांगते एवढंच, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तो गेला.

अतिया बाईंना तिने दोनदा विचारलं होतं. खुलाशात तुम्ही काय लिहिणार? शाळा उघडी ठेवायचं कोणी ठरवलं म्हणून सांगणार? बाई म्हणाल्या, मी ठरवलं. मुख्याध्यापिका मी आहे. तुम्ही त्या दिवसाचं काही बोलू नका, तुमच्या घरात बाळ यायचंय, मला कळतं. मृणालीने मान खाली घातली आणि बाईंना तसं लिहू दिलं. ती स्वतःशी म्हणाली, बघते.

*

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, मागे शिक्षण विभागाचे साहेब, बाजूला लिहून घेणारा कारकून. समोर चारच खुर्च्या. अतिया बाई, मृणाली, ठकुबाई, आणि जागेचा वारस म्हणून बोलावलेला कुणाल. पाड्यातली आणखी पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून उभी. त्यात कामावरून रजा घेऊन आलेला हफसाचा बाप होता आणि करगोट्याबद्दल बोललेला तो म्हाताराही होता. तो गंमत बघायला आला असावा.

साहेब उर्मट नव्हते. त्यांनी सगळ्यांना पाणी विचारलं. मृणालीचा अर्ज चांगला लिहिलाय म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की तालुक्यात अशा नऊ शाळा आहेत आणि नऊही ठिकाणी त्या दिवशी काही ना काही होतं. कुठे जत्रा, कुठे लग्न, कुठे ताप. मुलं नेमकी त्याच दिवशी नसतात.

"खिचडी तेवीसांची शिजते," ठकुबाई म्हणाली. "खातं कोन मग, भुतं?"

भिंतीपाशी लोक हसले. साहेबही हसले. त्या दिवशी खिचडी शिजली नव्हती, असं त्यांनी अहवाल चाळत सांगितलं, आणि हसू थांबलं.

मग ते अतिया बाईंकडे वळले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पाड्यात मयत झाली की एकही मूल शाळेत येत नाही. हे तुम्हाला अकरा वर्षं माहीत. सुट्टी देण्याचा अधिकार तुमच्याकडे. दिली असती तर पथक दुसऱ्या दिवशी आलं असतं. मग शाळा उघडलीत कशी? बाईंनी सांगितलं की मी ठरवलं. का ठरवलं? मुलांचं नुकसान नको म्हणून. कोणत्या मुलांचं, जी येणार नव्हती त्यांचं?

बाईंनी पाण्याचा ग्लास घेतला आणि तसाच ठेवला.

साहेबांनी अर्जाचं दुसरं पान वर धरलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच जास्त वाईट होतं. या अर्जात लिहिलंय की शाळेची एकच किल्ली, ती चौतीस वर्षं मयताच्या कमरेला असे, त्यांच्याशिवाय शाळा कोणी उघडली नाही. ते सकाळी सहाला मयत झाले. शाळा दहाला उघडली. आमच्या पथकाने फोटो काढलेत, दार उघडं आहे, कुलूप कडीला लटकतंय, फोडलेलं नाही. मग एक तर किल्ली त्यांच्याकडे नसायची, किंवा मयतीची ही कथा नंतर जुळवलेली आहे.

"माझ्याकडे दुसरी किल्ली होती," अतिया बाई म्हणाल्या.

कारकुनाने शाळेची सामानाची नोंदवही उघडली. कुलूप एक, किल्ली एक. खाली बाईंचीच सही. अकरा वर्षांत त्या वहीत एका खडूचीही चूक निघाली नव्हती. साहेबांनी ती नोंद बाईंसमोर सरकवली आणि वाट पाहिली. बाई त्या नोंदीकडे बघत राहिल्या. त्यांची नोकरी, तेवीस पोरं, सगळं त्या एका ओळीपाशी येऊन थांबलं होतं, आणि तरी त्या शेजारच्या खुर्चीकडे एकदाही वळल्या नाहीत.

"खोटं बोलण्याची सवय नाही दिसत तुम्हाला," साहेब म्हणाले. "लिहून घ्या. किल्लीबाबत समाधानकारक खुलासा नाही."

कारकून लिहू लागला.

मृणालीला पहिल्यांदा कुणालचा चेहरा आठवला, बाबांच्या कमरेशी थांबलेला हात. मग भावनाचा पोटावरचा हात. आपण गप्प बसून कोणाला वाचवलं याचा तिने हिशोब करून पाहिला, तर त्यात तिचं स्वतःचंच नाव निघालं. एक बाई तिच्यासाठी खोटं बोलत होती, एक पोर तिच्यामुळे रात्री जागत होती, आणि बाबांची शाळा तिच्या तोंडच्या दोन शब्दांनी उघडली होती आणि आता तिच्याच न बोललेल्या शब्दाने बंद होत होती. बाबांनी आईच्या वेळी भावकीसमोर उभं राहून उत्तर दिलं होतं. त्यांनी ते काही कोणाच्या आड लपून केलं नव्हतं.

ती उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. कारकुनाने वर पाहिलं.

"ते लिहू नका," ती म्हणाली. "बाईंकडे दुसरी किल्ली नव्हती. किल्ली एकच आहे."

तिने पर्स उघडली. किल्ली टेबलावर ठेवली. तिच्या भोकात अडकलेली काळी गाठ अजून तशीच होती. मग आतल्या कप्प्यातून दोऱ्याचा तुकडा काढला आणि किल्लीशेजारी ठेवला. कात्रीने कापलेली टोकं सरळ होती, कोणालाही दिसावीत अशी. भिंतीपाशी कोणी तरी श्वास आत ओढला. कुणाल अर्धवट उठला.

"ताई," तो म्हणाला. एवढंच.

"तुलाही सांगते, कुणाल, आणि घरी जाऊन भावनाला सांग. तो आपोआप तुटला नाही. कोणी चोरला नाही." तिचा आवाज मोठा नव्हता, पण तो कापला नाही. ती म्हाताऱ्याकडे वळली, मग साहेबांकडे. "बाई सुट्टी देत होत्या. मी नको म्हणाले. शाळा उघडा, असं मी सांगितलं. माझा बाप माजघरात मरून पडला होता आणि मी आईची कात्री घेतली आणि माझ्या हाताने त्यांचा करगोटा कापला, किल्ली काढायला. मुलाने कापायचा असतो, मला माहीत होतं. मी कापला. त्या दिवशी सात मुलं आली, त्यांना कुलूप दिसलं नाही. हे सगळं माझ्या नावाने लिहून घ्या, मी सही करते. आणि ती किल्ली मला परत द्या, साहेब. आज बुधवार आहे, कुलपाला तेल घालायचंय. उद्या दहाला शाळा मीच उघडणार आहे."